देणं खरं, देणेकरी चुकीचा

1968 साली टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरे सरकारने ब्रिटनला कळवलं की स्वातंत्र्यापूर्वी, म्हणजे डिसेंबर 1961 च्या आधी, टांगानिकात (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) नोकरी केलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचं त्या काळातल्या सेवेचं पेन्शन यापुढे आम्ही देणार नाही. त्यांनी राज्य चालवलं ते ब्रिटनचं, तेव्हा त्यांच्या म्हातारपणाची सोयही ब्रिटननेच करावी, असा त्याचा मथितार्थ. लंडनला हा सरळसरळ करारभंग वाटला आणि टांझानियाला दिली जाणारी मदत थांबवण्यात आली.

पुढची गंमत अशी की 1970 साली ब्रिटनने स्वतःच जाहीर केलं, जुन्या वसाहतींमधल्या आपल्या अधिकाऱ्यांच्या स्वातंत्र्यपूर्व सेवेचं पेन्शन आम्ही आमच्या अंगावर घ्यायला तयार आहोत. 1973 मध्ये पार्लमेंटने तसा कायदाही केला. ज्या मागणीसाठी एका गरीब देशाची मदत तोडली, तीच पाच वर्षांत ब्रिटिश कायद्यात उतरली. न्येरेरेंची कोणी माफी मागितली नाही, आणि आधीच्या वर्षांत नव्या देशांच्या तिजोऱ्यांतून जे गेलं होतं त्याचा विषयही निघाला नाही.

वसाहतींचं राज्य संपताना परदेशी अधिकाऱ्यांना भरपाई द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे निघाला तर उत्तर साधारण ठरलेलं असतं: लुटारूंना वर बिदागी कशाला? मला ते उत्तर आळशी वाटतं. भरपाई द्यायलाच हवी होती, पेन्शनही द्यायला हवं होतं. चूक झाली ती हुंडी कोणाच्या नावावर फाडली यात.

आधी माणसाकडे बघू. 1960 सालचा टांगानिकातला एक पशुवैद्य किंवा रस्ते-पुलांचा इंजिनिअर डोळ्यांपुढे आणा. वय अडतीस-चाळीस, चौदा-पंधरा वर्षं सेवा, मुलं शाळेत. विशीत त्याला सांगितलं गेलं होतं की पंचावन्नपर्यंत नोकरी आहे, बढती आहे, शेवटी पेन्शन आहे. मध्येच राज्य संपलं. इंग्लंडमध्ये परत जाऊन चाळिशीत पहिल्या पायरीवर उभं राहायचं, आणि हाताशी असलेला अनुभव असा, की स्वाहिली उत्तम येते आणि कुठल्या नदीला कधी पूर येतो ते ठाऊक आहे. मँचेस्टरच्या नगरपालिकेत त्याचा उपयोग शून्य. या माणसाला वाऱ्यावर सोडणं अन्यायाचं झालं असतं. तो साम्राज्याचा भाग होता हे खरं, पण ज्या मालकाने त्याला तो भाग बनवलं, त्याने दिलेला शब्द त्यामुळे हलका होत नाही.

मात्र या एका देण्याच्या पोटात दोन वेगळी देणी आहेत. पेन्शन म्हणजे झालेल्या कामाचा मागे ठेवलेला पगार. भरपाई म्हणजे न झालेल्या कामाचे पैसे, म्हणजे पुढे मिळाली असती ती नोकरी हुकल्याबद्दलचे. पहिलं कमावलेलं, दुसरं अपेक्षेवरचं. वाटाघाटींत दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली जात आणि त्यात पहिल्याचा नैतिक उजेड दुसऱ्यावरही पडत असे.

दुसऱ्याचं सूत्र मोठं विचार करून बसवलेलं होतं. पेन्शनसाठी धरला जाणारा वार्षिक पगार घ्यायचा आणि त्याला एका गुणकाने गुणायचं. गुणक वय आणि सेवेची वर्षं पाहून ठरे आणि चाळिशीच्या जरा पुढे तो सगळ्यात मोठा असे. तर्क बिनतोड आहे. तिशीतला माणूस दुसरं काही सुरू करू शकतो, पन्नाशीतल्याचं जाऊन जाऊन पाच वर्षांचं नुकसान होतं. खरी कोंडी मधल्याची. पण कागदावर न्याय्य असलेल्या या सूत्राने प्रत्यक्षात काय केलं? शिखर गाठलेल्या अधिकाऱ्याला कळे की आता थांबलो तर दर वर्षी माझी रक्कम घटत जाणार. म्हणजे नव्या सरकारला ज्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच निघून जाण्याची सर्वांत मोठी बक्षिसी. नायजेरियात 1956 साली अधिकाऱ्यांनी नाव नोंदवून थांबावं म्हणून एक खास यादी काढली गेली, तिला फारसं कोणी विचारलं नाही. रोकड घेऊन जाणंच लोकांना परवडत होतं. मग 1958 मध्ये दुसरी यादी, 'स्पेशल लिस्ट बी'. तिच्यात शिखरावरची रक्कम गोठवायची आणि तिचा बराच मोठा भाग आगाऊ हातात ठेवायचा, अशी सोय होती. जाण्यासाठी म्हणून ठरवलेले पैसे आता थांबण्यासाठी दिले जाऊ लागले! तेव्हा या रकमेला कुणी निव्वळ न्याय म्हणत असेल तर मला ते पटत नाही. ती काही अंशी न्याय होती आणि काही अंशी बाजारभाव.

आता खरा मुद्दा. या माणसाचा मालक कोण होता?

नेमणूक लंडनहून होई. वसाहत मंत्री नेमत, बदल्या लंडनमधून होत. आज सिएरा लिओन, उद्या फिजी. पण पगार त्या त्या वसाहतीच्या महसुलातून. कायद्याच्या भाषेत टांगानिकाचं सरकार ही ब्रिटनच्या सरकारपासून वेगळी संस्था आणि अधिकारी नोकर त्या संस्थेचा. हे नाटक दीडशे वर्षं सोयीचं होतं, कारण त्यामुळे साम्राज्य स्वतःचा खर्च स्वतः भागवतं असं पार्लमेंटला सांगता येई. 1954 मध्ये जुन्या वसाहती सेवेचं नाव बदलून ती 'हर मॅजेस्टीज ओव्हरसीज सिव्हिल सर्व्हिस' झाली. नावात राणी आली, पण पगार आणि पेन्शनचा भार वसाहतीवरच राहिला. राणीकडून मिळालं ते आश्वासन: स्वातंत्र्य देताना आम्ही नव्या सरकारशी करार करू आणि तुमचं पेन्शन, तुमची भरपाई त्या सरकारकडून पक्की करून घेऊ. दुसऱ्याच्या खिशाची हमी देणं तसं सोपंच असतं. त्यानंतर जवळपास प्रत्येक नव्या देशाला स्वातंत्र्याच्या कागदांबरोबर एका 'पब्लिक ऑफिसर्स ॲग्रीमेंट'वर सही करावी लागली.

1961 पासून ब्रिटनने थोडा हात सैल केला. परदेशी अधिकाऱ्यांचे जादा भत्ते लंडनने उचलले आणि भरपाईचा अर्धा वाटाही. उरलेला अर्धा नव्या देशाचा. तो त्यांच्याकडे नसे, म्हणून अनेकांना त्यासाठी ब्रिटननेच कर्ज दिलं. म्हणजे जाणाऱ्या साहेबाला निरोप देण्यासाठी साहेबाच्याच सरकारकडून व्याजाने पैसे घ्यायचे आणि ते पुढची कित्येक वर्षं कापूस, कॉफी, घायपात विकून फेडायचे. हिशेबाच्या वहीत या रकमा 'मदत' म्हणून लिहिल्या गेल्या, याचा मला मूळ रकमेपेक्षा जास्त राग येतो.

हा वाद भारताला नवा नव्हता. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर जे आकडे मांडले त्यांत 'होम चार्जेस' नावाची रक्कम पुन्हा पुन्हा येते: दरवर्षी हिंदुस्थानच्या महसुलातून इंग्लंडला जाणारा पैसा, कर्जावरचं व्याज, लष्करी खर्च, आणि निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं. आयसीएस, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्याचं पेन्शन वर्षाला 1000 पौंड होतं. दादाभाईंचा आक्षेप आकड्यापुरता नव्हता. ते म्हणत, माणूस तीस वर्षं इथे शिकतो आणि मग पैसा आणि शहाणपण दोन्ही घेऊन निघून जातो. पेन्शनर गावात राहिला तर त्याचं पेन्शन गावच्या वाण्याकडे, शिंप्याकडे फिरतं, आणि तो सल्ला मागायलाही सापडतो. इंग्लंडात चेल्टनहॅमला राहणाऱ्याचं यातलं काहीच परत येत नाही.

1947 मध्ये हा प्रश्न सरदार पटेलांच्या टेबलावर आला. तेव्हा आयसीएसमध्ये हजाराच्या आसपास अधिकारी होते आणि त्यांत भारतीय निम्म्याहून अधिक. ब्रिटिश बाजूचं म्हणणं, लंडनमधल्या भारतमंत्र्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचा करार संपतो आहे, तेव्हा सर्वांना भरपाई मिळावी. गृहखातं सांभाळणाऱ्या पटेलांनी ते मानलं नाही. भारतीय अधिकाऱ्यांची नोकरी जात नाही, फक्त मालक बदलतो. स्वतःच्या देशाची सेवा करायला मिळते म्हणून भरपाई कसली? आणि युरोपीय अधिकाऱ्यांनाही कोणी हाकलत नव्हतं. ते त्याच पगारावर थांबू शकत होते. जायचं असेल तर केलेल्या सेवेच्या प्रमाणात पेन्शन घ्यावं, ते भारत देईल. करिअर हुकल्याची भरपाई हा ज्याने राज्य सोडायचं ठरवलं त्याचा प्रश्न. 30 एप्रिल 1947 ला जी योजना जाहीर झाली ती साधारण याच रेषेवर होती. पेन्शन भारताकडे, युरोपीय अधिकाऱ्यांच्या भरपाईचा भार ब्रिटनकडे, आणि भारतीय अधिकाऱ्यांना काही अपवाद वगळता भरपाई नाही.

पटेलांनी कमावलेलं आणि अपेक्षेवरचं यांच्यातली रेघ 1947 मध्येच आखून दाखवली होती. मग दहा-पंधरा वर्षांनी घाना, टांगानिका, केनिया यांच्या वेळी ती पुसली कशी गेली?

मला वाटतं उत्तर जमाखर्चात आहे. 1947 मध्ये ब्रिटन भारताचा ऋणको होता. महायुद्धात भारतातून उचललेल्या मालाचे आणि सेवांचे पैसे लंडनच्या खात्यात साठत गेले होते. ऑगस्ट 1947 मध्ये ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे 116 कोटी पौंड होती. ज्याचे पैसे आपल्याकडे अडकले आहेत त्याच्यासमोर आवाज चढवायला ब्रिटनलाही अवघड गेलं असणार. न्येरेरेंकडे असं काही नव्हतं. त्यांच्याकडे घायपाताची शेती होती आणि मदतीची गरज होती. पटेलांचा युक्तिवाद आणि न्येरेरेंचा युक्तिवाद एकाच कुळीचे. एकाला देवाणघेवाणीत मान मिळाला, दुसऱ्याला करार मोडणारा म्हणून दंड झाला.

अर्थात भारताचं सुटणंही फार मोठं समजू नये. 1948 च्या जुलैमध्ये अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांच्या नेतृत्वाखालच्या शिष्टमंडळाने लंडनमध्ये जो करार केला, त्यात भारताने ब्रिटिश अधिकाऱ्यांची पेन्शनं पुढची अनेक वर्षं देता यावीत म्हणून एकरकमी पैसे भरून वार्षिकी, म्हणजे दरवर्षी ठरलेली रक्कम मिळण्याची सोय, विकत घेतली: केंद्राच्या पेन्शनांसाठी 14.75 कोटी पौंड, प्रांतांच्या पेन्शनांसाठी 2.05 कोटी. एकूण 16.8 कोटी पौंड, तेव्हाच्या दराने 224 कोटी रुपये, आणि स्टर्लिंग शिलकेचा जवळजवळ सातवा हिस्सा. ही शिल्लक साठली कशी हे आठवलं की हा आकडा नुसता आकडा राहत नाही. इथला माल युद्धासाठी उचलला गेला, त्याच्या बदल्यात लंडनमध्ये पौंड जमा दाखवले गेले, इथे त्यांच्या तारणावर नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली आणि 1943 मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्या खात्यातून साहेबांचं पेन्शन गेलं. व्यवहार म्हणून करार शहाणपणाचा होता हे मी नाकारत नाही. अडकून पडलेल्या पैशातून एक कायमचं देणं मिटवलं गेलं. पण तो भारताचा उदारपणा होता असं कोणी म्हणू लागलं तर हा तपशील पुढे ठेवावा.

जाता जाता एक जुनी गोष्ट. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या माल्कमने दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचा तनखा कबूल केला. एल्फिन्स्टनने बऱ्याच सरदारांच्या जहागिरी, अनेकांची इनामं चालू ठेवली. हेही शहाणपण आणि न्याय यांचं मिश्रणच. पण 1851 मध्ये बाजीराव वारला आणि कंपनीने नानासाहेबाला सांगितलं, तो तनखा व्यक्तीचा होता, वारसाचा नाही. पाठोपाठ 1852 चा कायदा आणि इनाम कमिशन: कागद दाखवा, नाहीतर इनाम खालसा. दख्खनेत हजारो इनामं अशी गेली. राज्य घेताना कागद मागितले आणि राज्य सोडताना कागद करून घेतले. जित राज्याच्या नोकरांची हमी जेत्याच्या मर्जीवर असते हे इंग्रजांना चांगलं ठाऊक होतं, ते त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. म्हणूनच स्वतःच्या माणसांसाठी त्यांनी ते मर्जीवर सोडलं नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात भक्कम आक्षेप असा: सेवा कोणी घेतली? रस्ता टांगानिकात झाला, गुरांची रोगराई टांगानिकात आटोक्यात आली. मग ज्याने सेवा घेतली त्याने पेन्शन द्यावं. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, विशेषतः पेन्शनच्या बाबतीत. पण सेवा घेणारा आणि सेवा मागणारा एकच होता का? ब्रिटनहूनच इंजिनिअर आणायचा, त्याला स्थानिक माणसाच्या कित्येक पट पगार द्यायचा, वर सहकुटुंब रजेचं जहाजभाडं द्यायचं, हे टांगानिकाच्या शेतकऱ्याने ठरवलेलं नव्हतं. त्याला मतच नव्हतं. त्याउलट घानात 1951 पासून निवडून आलेले मंत्री होते, एन्क्रुमा सरकार चालवत होते. तिथल्या 1951 नंतरच्या सेवेचं ओझं घानाने उचलावं असं कोणी म्हटलं तर मी फार वाद घालणार नाही.

मग ब्रिटनच्या करदात्याने का द्यावं, लँकशरच्या गिरणीत राबणाऱ्याने का? त्याला तरी साम्राज्याबद्दल कोणी विचारलं होतं? विचारलं होतं, निदान दर निवडणुकीला. 1928 नंतर ब्रिटनमधल्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत होतं आणि साम्राज्य चालवणारी सरकारं त्यांनी निवडली. याला पूर्वाधारही आहे. 1833 मध्ये गुलामगिरी रद्द करताना मालकांना भरपाई म्हणून 2 कोटी पौंड मंजूर झाले आणि ते ब्रिटिश तिजोरीतून दिले गेले. मळेवाल्यांसाठी लंडनची तिजोरी उघडते. पशुवैद्यासाठी उघडत नाही, कारण त्याचा पैसा वसूल करायला एक नवं, अशक्त सरकार समोर असतं.

सही केलीच ना, हा दुसरा आक्षेप. केली. स्वातंत्र्याची तारीख, झेंडा, राज्यघटना आणि हा करार एकाच टेबलावर असताना केली. अशा सहीला कायद्यात किंमत असेल. तिच्यावरून न्यायाचा निवाडा करता येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला अडवतो, आणि तिथे मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. सगळा भार मायदेशाने उचलला की अधिकारी निर्धास्तपणे उठून जातात. काँगोत हेच झालं. स्वातंत्र्य मिळालं 30 जून 1960 ला. बेल्जियमने आपल्या अधिकाऱ्यांना मायदेशी सेवेत सामावून घेण्याची कायदेशीर हमी आधीच दिली होती. 5 जुलैला लष्करात बंड झालं आणि हजारो बेल्जियन अधिकारी काही आठवड्यांत निघून गेले. मागे उरलेल्या देशात पदवीधर दोन-तीन डझनांहून जास्त नव्हते आणि वरच्या पदावर बसलेले काँगोली तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. हमी नसती तर बंडाच्या गोळीबारात ते थांबले असते असं मी म्हणत नाही. पण जाण्याची वाट मऊ केलेली असेल तर पाय तिकडे वळतात. गिनीत 1958 च्या सप्टेंबरमध्ये लोकांनी फ्रेंच छत्राखाली राहण्याच्या द गॉल यांच्या प्रस्तावाला 'नाही' म्हटल्यावर फ्रान्सने आपली माणसं स्वतःच काढून घेतली, फायली आणि सामानासकट. तिथे अधिकाऱ्याच्या हक्काचा प्रश्नच नव्हता. अधिकारी हेच हत्यार होतं.

म्हणून मला वाटतं ही दोन कामं वेगळ्या हातांनी करायला हवी होती. मागच्या सेवेचं पेन्शन आणि हुकलेल्या नोकरीची भरपाई नेमणाऱ्या देशाने द्यावी, जाणारा जावो वा राहो. आणि नव्या सरकारने ज्याला थांबवायचं त्याच्याशी नवा करार करावा, स्वतःच्या ऐपतीप्रमाणे, हवा तेवढा काळ, नको तेव्हा संपवता येईल असा. त्या थांबण्याला जादा पैसे लागले तर ते खुशाल मदत म्हणावेत, कारण ती खरंच मदत असेल.

हे कल्पनेतलं नाही याचा पुरावा 1921 च्या आयर्लंड करारात आहे. त्याचं दहावं कलम म्हणतं की राज्यबदलामुळे निवृत्त होणाऱ्या किंवा काढल्या जाणाऱ्या न्यायाधीश, अधिकारी, पोलीस यांना आयरिश फ्री स्टेट वाजवी भरपाई देईल. पण लगेच अपवाद आहे. सहायक पोलीस दल आणि आधीच्या दोन वर्षांत ब्रिटनमधून आयरिश पोलिसात भरती केलेली माणसं यांना हे लागू नाही, त्यांची जबाबदारी ब्रिटिश सरकारची. हे म्हणजे 'ब्लॅक अँड टॅन्स', ज्यांनी आयरिश गावं जाळली. ज्यांची घरं जळली त्यांच्याकडूनच जाळणाऱ्यांचं पेन्शन मागणं लंडनलाही अवघड वाटलं. म्हणजे तत्त्व मान्य होतं: काही नोकर इतके मालकाचे असतात की त्यांचं बिल प्रजेला पाठवता येत नाही. वाद उरतो तो रेघ कुठे ओढायची एवढाच, आणि ती फक्त बंदूकवाल्यांपाशी का थांबावी हे मला कळत नाही. इजिप्तच्या बाबतीत तर उलट झालं. तिथे 1923 मध्ये परदेशी अधिकाऱ्यांच्या भरपाईचा सढळ कायदा झाला. आणि 1924 च्या नोव्हेंबरमध्ये इजिप्तच्या सैन्याचे ब्रिटिश प्रमुख आणि सुदानचे गव्हर्नर-जनरल सर ली स्टॅक यांचा खून झाल्यावर ब्रिटनने जो निर्वाणीचा खलिता दिला, त्यात सैन्य आणि सुदान यांच्याबरोबरच परदेशी अधिकाऱ्यांच्या सेवा आणि पेन्शनच्या अटी आमच्या इच्छेप्रमाणे बदला, ही मागणीही होती. पेन्शनसाठी निर्वाणीचा खलिता!

या सगळ्यात ज्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही त्यांच्याबद्दल कमी लिहिलं जातं. पूर्व आफ्रिकेतल्या कचेऱ्या, रेल्वे, टपालखातं चालवणाऱ्यांत गोवेकर, गुजराती, पंजाबी कारकून मोठ्या संख्येने होते. राज्य बदललं, प्रशासनाचं आफ्रिकीकरण सुरू झालं, यांच्याही नोकऱ्या डळमळल्या. पण लंडनच्या योजना लंडनने नेमलेल्यांसाठी होत्या. स्थानिक पातळीवर भरती झालेला माणूस, मग तो कितीही दूरच्या देशातला असो, त्या यादीत बसत नसे. नुकसान तेच, भरपाई मात्र नेमणूकपत्र कुठून निघालं यावर. डच ईस्ट इंडीजमधले (आजच्या इंडोनेशियातले) अधिकारी आणि सैनिक तर दोन दगडांच्या मध्ये सापडले. जपानी ताब्यात असतानाचा त्यांचा पगार थकला होता. नेदरलँड्स म्हणे, ते देणं वसाहतीच्या सरकारचं, म्हणजे आता इंडोनेशियाचं. इंडोनेशिया कशाला देईल? 2015 मध्ये डच सरकारने शेवटी जिवंत राहिलेल्यांना प्रत्येकी 25,000 युरो दिले. तोवर अकराशेच्या आसपास माणसं उरली होती. इथे गोऱ्या अधिकाऱ्यालाही त्याच कायदेशीर नाटकाने मारलं, हे लक्षात घेण्याजोगं आहे. वसाहतीचं सरकार वेगळं, ही कल्पना कोणाच्याच बाजूची नव्हती. ती फक्त तिजोरीच्या बाजूची होती.

आणि तीच कल्पना पुन्हा एकदा लंडनच्या न्यायालयात उभी राहिली. 1950 च्या दशकात केनियात ब्रिटिश राज्याविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या वेळी छावण्यांमध्ये ज्यांचा छळ झाला त्यांच्यापैकी काही वृद्धांनी ब्रिटिश सरकारवर दावा लावला. सरकारचा बचाव असा होता की छळ झाला असेल तर तो केनियाच्या वसाहत सरकारच्या अमलात झाला, आणि त्या सरकारची देणी 1963 मध्ये स्वतंत्र केनियाकडे गेली. म्हणजे छळ झालेल्यांनी भरपाई मागायची ती स्वतःच्याच देशाकडे. जुलै 2011 मध्ये न्यायाधीश मॅककोम यांनी खटला तिथेच गुंडाळायला नकार दिला, आणि 6 जून 2013 ला परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी पार्लमेंटमध्ये तडजोड जाहीर केली: 5,228 दावेदार, खटल्याच्या खर्चासह 1.99 कोटी पौंड.

त्या छावण्या ज्या प्रशासनाने चालवल्या, त्याच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची भरपाई केनिया स्वतंत्र होण्याआधीच ठरलेली होती, पगार गुणिले गुणक. छावणीतल्या माणसांसाठी असं सूत्र कोणी बसवलं नव्हतं. हेग यांनी ती घोषणा केली तेव्हा स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत आली होती, आणि छावण्यांमधून गेलेल्यांपैकी बहुतेक जण तोवर वारले होते.